भूत चालेल, भीती नको

दिवाळीच्या सुट्टीत राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर बहीणभावांची मिळून सात-आठ पोरं जमतात. दिवसभर किल्ला बांधून, ऊस मोडून, विहिरीच्या मोटरीखाली अंघोळी करून झाल्या, रात्री जेवणं उरकली, की अंथरुणावर पडल्या पडल्या फर्माइशी सुरू होतात. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भाचीने केलेली फर्माइश मला अजून जशीच्या तशी आठवते. ‘मामा, भुताचा पिक्चर लाव. पण घाबरायचा नको.’ मोठी पोरं तिला हसली. भुताचा आहे आणि घाबरायचा नाही, म्हणजे बिनतिखटाचा ठेचा, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र तिचं पटलं. मी स्वतः लहानपणापासून हेच मागत आलो आहे.

मला भुतं आवडतात. भुतासोबत जुना वाडा येतो, पिंपळ येतो, आजीचा आवाज येतो, गेलेला माणूस अजून कुठे तरी घुटमळत असेल ही कल्पना येते. त्यासाठी काळीज तोंडात यायची काही गरज नाही. तेव्हापासून भाचीच्या त्या एका वाक्यासाठी मी मराठी, हिंदी, बंगाली, परदेशी असे मिळतील ते चित्रपट बघत आलो आहे. काही पोरांबरोबर पाहिले, काही आधी एकट्याने पाहून बाजूला ठेवले.

ही मागणी आता फक्त आमच्या घरातली राहिलेली नाही. ऑक्टोबर संपत आला की मोबाइलवर आणि टीव्हीवर हॅलोविनची चित्रं दिसू लागतात, भोपळे, चेटकिणी, सांगाडे. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर एकाच ओसरीवर कोरलेला भोपळा आणि आकाशकंदील शेजारी शेजारी असतात. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. त्या पहाटे आपण कारीट पायाखाली फोडतो, कडू रस जिभेला लावतो आणि नरकासुर मेला असं मानून फराळाला बसतो. राक्षस आहे, त्याचं मरणही आहे, पण पाच वर्षांचं पोरही त्यात रडत नाही. बंगालात याच तिथीला भूतचतुर्दशी म्हणतात. तिथे चौदा दिवे लावतात आणि चौदा पालेभाज्या खातात. भुतांचा दिवस घरच्यांनी मिळून, खाऊनपिऊन साजरा करायचा, ही चाल आपल्याला परकी नाहीच.

आमच्या जिल्ह्यापुरतं आणखी एक सांगायला हवं. राहुरी, संगमनेर, अकोले, श्रीरामपूर या उसाच्या पट्ट्यात पोरांना संध्याकाळी खरी भीती असते ती बिबट्याची. तो उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो. शेतपंपाची वीज रात्रीची असली की बाप बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जातो आणि तो परत येईपर्यंत घरातलं कुणी नीट झोपत नाही. ज्या घराच्या अंगणापर्यंत खरी भीती येऊन जाते, त्या घरातलं पोर ‘घाबरायचा नको’ म्हणालं तर त्याला भित्रं म्हणू नये. दिवसभराची धास्ती बाजूला ठेवायला ते पडद्यासमोर बसलेलं असतं.

धास्ती हा शब्द मी मुद्दाम वापरला. मराठीत भीतीला एकच एक शब्द नाही, आणि चित्रपट निवडताना याचा मला फार उपयोग झाला. दचकणं वेगळं, धास्तावणं वेगळं, हुरहूर लागणं वेगळं. दचकवायचं काम पडद्यावर बहुतेक आवाज करतो. आधी सगळं चिडीचूप करायचं, मग एकदम ढणकन काही तरी आदळायचं. तोच प्रसंग आवाज बंद करून पाहिला की निम्मा जोर जातो. धास्तीचं काम गोष्ट करते. पोर एकटं सापडलं आहे, दार उघडत नाही, आईसारखी दिसणारी बाई आई नाही. हुरहूर मात्र भूत स्वतः लावतं. हा कोण होता, याचं काय राहून गेलं, आता याची सुटका कशी व्हायची? भीती नको म्हणणाऱ्या माणसाला पहिल्या दोन गोष्टी नको असतात. तिसरी त्याला हवी असते, पुष्कळदा इतरांपेक्षा जास्तच हवी असते. मी चित्रपट याच मापाने मोजतो.

या मापाला मराठीत सगळ्यात चोख उतरतो तो १९८२ सालचा ‘एक डाव भुताचा’. रवी नमाडे यांचं दिग्दर्शन, लेखन द. मा. मिरासदारांचं, आणि मिरासदारांनी त्यात हेडमास्तरांची भूमिकाही केली आहे. खेड्यात नवा आलेला मास्तर म्हणजे दिलीप प्रभावळकर, आणि वाड्यातलं भूत म्हणजे अशोक सराफ. भूत मास्तरच्या मानगुटीवर बसत नाही, त्याच्याशी दोस्ती करतं. आजच्या पोरांना सुरुवातीला चित्र जुनं वाटतं, गाणी लांब वाटतात. पण दोघांची गट्टी जमली की कुणी जागचं हलत नाही. ‘भुताचा जन्म’ या गोष्टीत गावगप्पांतून भूत कसं आकाराला येतं ते लिहिणाऱ्या मिरासदारांना खेडं आतून माहीत होतं, आणि खेड्याचं भुतांशी नातं कसं असतं तेही. आपल्याकडे वेशीवर वेताळ असतो, बांधावर म्हसोबा, पिंपळावर मुंजा, विहिरीत साती आसरा. त्यांची त्यांची जागा ठरलेली असते, वर्षाचा नैवेद्य ठरलेला असतो. त्यांच्या जागेवरून जाताना आवाज थोडा खाली आणायचा, एवढंच. ती एक प्रकारची शेजारपाजारची माणसंच. त्यामुळे भुताने मास्तरला मदत केली यात गावच्या प्रेक्षकाला काही वावगं वाटत नाही.

‘झपाटलेला’ची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यापाशी मला थोडं थांबावं लागणार. महेश कोठारे यांचा हा १९९३ चा चित्रपट. मरता मरता मंत्राच्या जोरावर तात्या विंचू नावाचा गुंड आपला आत्मा बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला येतो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भोळ्या लक्ष्याच्या हाती. कल्पनेचं मूळ ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकी चित्रपटात आहे, पण लक्ष्या, त्याची आई, हवालदार, गावातला गोंधळ हे सगळं अस्सल इथलं आहे. नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तो आधी हसेल आणि मग सांगेल की पलंगाखाली बघितल्याशिवाय झोप येत नव्हती.

मी तो पाहिला पाथर्डी तालुक्यात, मढीच्या यात्रेत. होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथाच्या त्या डोंगराखाली माणसांचा पूर लोटतो. गाढवांचा बाजार, रेवड्या, पाळणे, आणि त्या सगळ्यात टुरिंग टॉकीजचा तंबू. बाहुला रात्री उठून चालायला लागला तेव्हा मी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या मांडीत तोंड खुपसलं. दादांनी ‘काही नसतं रे’ म्हटलं नाही की रागावलेही नाहीत. त्यांनी मला उचललं, तंबूच्या मागे नेलं आणि ट्रकवर चढवलेलं मशीन दाखवलं. रीळ फिरत होतं, एक घामाघूम माणूस त्याच्याशी झटत होता, आणि काचेतून निघालेला उजेडाचा पट्टा धुळीतून सरळ पडद्यापर्यंत गेला होता. ‘तो बाहुला या पट्ट्यात आहे,’ दादा म्हणाले, ‘हात घाल.’ मी हात घातला. पुढचा चित्रपट मी उघड्या डोळ्यांनी पाहिला. या फिरत्या टॉकीजवर आणि त्यांच्या मशीनवाल्यांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट झाला आणि २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. तो पाहताना तो पट्टा मला पुन्हा दिसला.

म्हणून ‘झपाटलेला’ लहानांना दाखवायचा असेल तर आधी रामदास पाध्ये दाखवावेत. तात्या विंचूचा बाहुला त्यांनी बनवला आणि चालवला. बोलक्या बाहुल्यांची कला त्यांच्याकडे वडिलांकडून, यशवंत पाध्ये यांच्याकडून आली, आणि त्यांचा अर्धवटराव तर आपल्या कित्येक पिढ्यांच्या ओळखीचा. तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. हे सगळं पोरांना सांगितलं की बाहुल्यामागचा हात दिसायला लागतो. तरीही आठ वर्षांखालच्यांना हा चित्रपट देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातला विनोद कितीही सच्चा असला तरी अंथरुणाजवळ पडलेलं खेळणंच जिवावर उठतं, ही कल्पना त्या वयात घरभर पसरते. २०१३ चा थ्रीडीतला दुसरा भाग मला पहिल्याइतका जिवंत वाटला नाही. त्यापेक्षा कोठारे यांचाच २००४ चा ‘पछाडलेला’ घरात चालतो. भरत जाधव, श्रेयस तळपदे, जुना वाडा, इनामदार भुसनाळे, सगळा धुडगूसच. भूत अंगात येतं ते मुळात हसवायलाच. सचिन पिळगावकरांचा १९८९ चा ‘भुताचा भाऊ’ही याच घराण्यातला, पण त्यात सूडाची गोष्ट असल्याने मोठ्या पोरांसाठी बरा.

इथवर एक नाव पुन्हा पुन्हा आलं आहे. भुताचा मित्र मास्तर, तात्या विंचू, इनामदार भुसनाळे, तिन्ही दिलीप प्रभावळकर. त्याआधी रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण झाले होते तेही तेच. ते नाटक २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांनी पुन्हा उभं केलं आणि वैभव मांगलेंनी चेटकीण केली, तेव्हा नाट्यगृहात पोरं किंचाळत होती आणि खिदळतही होती. एरवी मोठ्यांच्या अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिणारे मतकरी मुलांसाठी लिहिताना भीतीचं तिखट किती घालायचं हे नेमकं जाणत होते. प्रभावळकरांची आणखी एक भूमिका मी या यादीत धरतो, आणि ती ऐकून लोक आधी चमकतात. २००६ चा ‘लगे रहो मुन्नाभाई’. गेलेला माणूस एकालाच दिसतो, त्याच्याशी बोलतो, त्याला वाट दाखवतो. ही भुताचीच गोष्ट आहे, आणि तिच्याइतकी मायाळू भुताची गोष्ट हिंदीत क्वचितच झाली असेल. त्या कामाचाही विचार करून त्या वर्षीचा सर्वोत्तम सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार प्रभावळकरांना मिळाला.

पडद्यावरच्या भीतीमागचा माणूस ओळखीचा असला की काय होतं, हे आम्हा नगरकरांना चांगलं ठाऊक आहे. ‘सडक’ (१९९१) मधली महाराणी पाहून देशभर लोक शहारले. ती भूमिका करणारे सदाशिव अमरापूरकर नगरचे, इथल्या नाटकांतून वर आलेले, सामाजिक कामात आपणहून उतरणारे. गावाला ते आधी आपले वाटायचे आणि मग खलनायक.

हिंदीत घरच्यांनी मिळून पाहावा असा माझ्या लेखी पहिला चित्रपट विशाल भारद्वाज यांचा ‘मकडी’ (२००२). गावातली ओसाड हवेली, माणसांची जनावरं करणारी चेटकीण शबाना आझमी, आणि श्वेता बसू प्रसादच्या दुहेरी भूमिकेतल्या चुन्नी-मुन्नी या जुळ्या बहिणी. मुन्नीची कोंबडी होते तिथे लहानगी कावरीबावरी होतात, म्हणून शेवट मी आधीच फोडतो. चेटकीण खोटी आहे, तिला हवेलीतलं धन हवं आहे. शेवट कळला तर मजा जाते, असं मोठ्यांना वाटतं. भित्र्या प्रेक्षकाचं उलट असतं. शेवट ठाऊक असला की त्याला मधली वाट पाहता येते. शिवाय अंगातल्या बाईच्या, करणीच्या गोष्टी अजूनही कानावर येणाऱ्या आपल्या भागात, भुताच्या नावाने माणूस माणसाला कसा लुबाडतो हे इतक्या गोड रीतीने सांगणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

‘भूतनाथ’ (२००८) हे नाव सगळे सुचवतात आणि ते चुकीचं नाही. ऑस्कर वाइल्डच्या कँटरव्हिल भुताच्या गोष्टीवरून घेतलेली कथा, गोव्यातलं घर, अमिताभ बच्चन आणि छोटा बंकू. पूर्वार्ध हसवतो. उत्तरार्ध मात्र पोरांना नाही, आजी-आजोबांना रडवतो, कारण मुलांची वाट पाहत म्हातारपणी एकटा राहिलेला बाप हे त्या भुताचं दुखणं आहे. ज्या घरातली मुलं पुण्याला किंवा परदेशी गेली आहेत, त्या घरात हा चित्रपट जपून लावावा. अमोल पालेकरांचा ‘पहेली’ (२००५) मोठ्यांसाठी. विजयदान देथांच्या कथेतलं ते भूत प्रेमात पडलेलं आहे आणि त्याच्या चित्रपटात दचकवणारा एकही क्षण नाही.

बंगालीत मला सापडलेलं रत्न म्हणजे सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९). बेसूर गाणारा गुपी आणि ढोल बडवणारा बाघा, दोघांनाही गावाबाहेर काढलेलं. रात्री जंगलात त्यांना भुतांचा राजा भेटतो. त्यांचं गाणं-वाजवणं भुतांना आवडतं, भुतं सहा-सात मिनिटं नाचतात आणि राजा तीन वर देतो. त्या राजाचा आवाज खुद्द राय यांचा. मूळ गोष्ट त्यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची. भाषा कळत नसताना आमची सगळी पोरं त्या नाचाला खिळली होती. चित्रपट कृष्णधवल, आणि शेवटी शेवटी एकदम रंग येतात तेव्हा धाकटी उठून उभी राहिली. आपल्याकडेही विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ ‘चांदोबा’त महिन्याच्या महिन्याला यायचा आणि राजाला कोड्यात टाकून परत झाडावर जायचा. त्या वेताळावर मुलांसाठी असा जीव लावून कुणी मराठीत चित्रपट केला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परदेशी चित्रपटांची गर्दी मोठी आहे, म्हणून ज्यांनी घर जिंकलं तेवढेच सांगतो. मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८). दोन बहिणी नव्या घरात येतात, अडगळीत काजळीसारखी काळी पिल्लं पळताना दिसतात, आणि वडील सांगतात की मोठ्याने हसा, ती निघून जातील. एवढा साधा उपाय. शेवटाकडे धाकटी हरवते तेवढा भाग सोडला तर धास्ती नाही. ‘मॉन्स्टर्स इंक’ (२००१) मध्ये राक्षसांचं गाव पोरांच्या किंकाळ्यांवर वीज बनवतं आणि मग त्यांना कळतं की हसण्यातून दहापट वीज मिळते. वीज या विषयावर आमच्या वस्तीत फार जिव्हाळ्याने बोललं जातं, त्यामुळे तो पोरांच्या आधी थोरांना कळला. ‘इट्स द ग्रेट पंपकिन, चार्ली ब्राउन’ (१९६६) जेमतेम पंचवीस मिनिटांचा, आणि त्यात भूतच नाही. एक मुलगा भोपळ्याच्या शेतात कुणाची तरी वाट पाहत रात्र काढतो. अगदी तीन-चार वर्षांच्या पोराला हॅलोविन काय असतं ते दाखवायला याहून मऊ काही नाही. ‘कॅस्पर’ (१९९५) आणि ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ (२०१२) निर्धास्त लावावेत.

‘कोको’ (२०१७) मात्र वेगळा काढून ठेवतो. मेक्सिकोतल्या मृतांच्या दिवशी मिगेल नावाचा मुलगा मेलेल्यांच्या गावात जाऊन पोचतो. जिवंत घरात ज्याची तसबीर मांडली जाते त्यालाच त्या रात्री भेटीला येता येतं, आणि ज्याची आठवण ठेवणारं कुणीच उरत नाही तो तिथूनही पुसला जातो. सगळीकडे सांगाडे आहेत, पण आमच्या आईने हिंदीतून तो पाहिला आणि एकच वाक्य बोलली, ‘यांची सर्वपित्री रंगीत आहे.’ तिला एकही सांगाडा भयंकर वाटला नाही. पुढच्या पितृपक्षात कावळ्याला घास ठेवताना पोरांनी एकेका पणजोबाचं नाव विचारून घेतलं.

आता नको ते. ‘कोरालाइन’ (२००९) बाहुल्यांचा आहे म्हणून लहानांना दाखवतात. डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली दुसरी आई हे धास्तीचं टोक आहे, मी स्वतः तो दोन बैठकांत संपवला. आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ (२०२२) डोंबिवलीत घडतो आणि हुशार आहे, पण रक्त फार. त्यांचाच ‘मुंज्या’ (२०२४) कोकणातला असल्याने आणि मुंजा आपल्या ओळखीचा असल्याने घरोघरी लागला. त्यात हसू आहे, पण दचकवणंही भरपूर आहे. ‘लपाछपी’ आणि ‘तुंबाड’ उत्तम कलाकृती असतील, माझ्यासारख्यांनी त्यांची तारीफ इतरांच्या तोंडून ऐकावी.

प्रमाणपत्रावर मात्र विसंबू नये. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग झाले, हे चांगलंच झालं. पण जुन्या चित्रपटांना ते लागू नाहीत, आणि पोर कशाला घाबरतं हे त्याच्या घरी ठाऊक असतं. आमच्याकडे काही रीती पडल्या आहेत. आवाज अर्ध्यावर. पडवीतला दिवा चालू. रिमोट सगळ्यात भित्र्याच्या हातात, आणि त्याने थांबवलं तर कुणी हसायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात कामाचा निघाला. बंद करायची मुभा असली की बंद करावंसं वाटत नाही.

नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ केला तो नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकत असताना, आणि त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे थोरल्या पुतण्याला कुठून तरी कळलं आणि गेल्या दिवाळीत पोरांनी आपला भुताचा पिक्चर मोबाइलवर काढायला घेतला. गोठा म्हणजे वाडा, ट्रॅक्टरचा दिवा म्हणजे चांदणं, तोंडाला ज्वारीचं पीठ. भूत कोण होणार यावर भांडण होईल असं वाटलं होतं, पण धाकटी आधीच चादर गुंडाळून उभी होती. अंधारातून यायचं, दारात थांबायचं आणि काही तरी बोलायचं, एवढं तिला सांगितलं होतं. काय बोलायचं ते तिच्यावर सोडलं होतं. ती आली, चादर पायात अडकली तशी सावरली, चौकटीला धरून उभी राहिली आणि आतल्या सगळ्यांकडे बघून म्हणाली, ‘जेवले का?’